थिंकपॅडच्या दोन बॅटऱ्या: अकोल्यातल्या एका उन्हाळ्याच्या नोंदी

११ मार्च २०२५

मी दुकानांचा जीएसटीचा हिशेब करते. आज जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या महिन्याच्या विवरणाची, शेवटची तारीख. सहा दुकानांची विवरणं बाकी होती. दुपारी सव्वादोनला लाइन गेली. लॅपटॉप त्यानंतर बराच वेळ नीट चालला. ३१ टक्के दिसत होते, म्हणून मी निर्धास्त. मोबाइलवरून इंटरनेट घेतलं होतं, ब्राउझरमध्ये सात-आठ टॅब उघडे. एकदम पडदा काळा. इशारा नाही, झोपेत जाणं नाही, सरळ बंद. लाइन पाच वाजता आली. सगळी विवरणं रात्री साडेनऊपर्यंत गेली, पण एका दुकानदाराची बिलं पहिल्यापासून टाकावी लागली.

यंत्र लेनोवो थिंकपॅड टी४८०. मॉडेल २०१८ चं, मी २०२२ च्या दिवाळीत जुनं घेतलं, २४,५०० रुपयांना. या मॉडेलला दोन बॅटऱ्या असतात. एक आत, खालच्या झाकणाखाली. दुसरी मागच्या बाजूला, खटके सरकवले की हातात येणारी. माझ्याकडच्या दोन्ही २४ वॉट-तासांच्या (वॉट-तास म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). विंडोज ११ आहे.

घरी इन्व्हर्टर आहे, पण त्यावर फक्त पंखे आणि दिवे. माझ्या टेबलाजवळचा बोर्ड त्यावर घ्यायचा तर भिंत खोदावी लागते, आणि घर भाड्याचं. त्यामुळे बॅटरीच धड असायला हवी.

संध्याकाळी दुरुस्तीवाल्याकडे नेला. तो म्हणाला, "ताई, काहून जीव काढता? दोन्ही नवीन टाका, सात हजारात काम होऊन जाते." सात हजार म्हणजे माझी तीन-चार दुकानांची महिन्याची फी. आधी मोजून बघायचं ठरवलं. हेच काम करणाऱ्या माझ्या दोन मैत्रिणींच्या लॅपटॉपची तीच रड आहे, म्हणून नोंदी तारीखवार ठेवते.

१२ मार्च

पैसे न लागणारं पहिलं काम: विंडोजचा बॅटरी अहवाल. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडायची. तिच्यात पॉवरसीएफजी, मग एक जागा, मग तिरकी रेघ (/) आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट, हे सगळं इंग्रजीत टाइप करून एंटर. फाइल कुठे ठेवली ते खिडकीच सांगते. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडते.

त्यात तीन आकडे बघायचे. डिझाइन कपॅसिटी म्हणजे नवी असताना किती मावत होतं. फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आता किती मावतं. आणि सायकल काउंट, म्हणजे किती वेळा भरली-रिकामी झाली.

आतली: डिझाइन २४,०५०, आता १३,४७०, सायकल ६८.
बाहेरची: डिझाइन २४,०५०, आता १६,८४०, सायकल ३९१.

पहिले दोन आकडे मिलिवॉट-तासांत आहेत. म्हणजे आतली ५६ टक्के उरली, बाहेरची ७० टक्के.

मला वाटलं मी ओळी उलट वाचल्या. ३९१ वेळा भरली-रिकामी झालेली बॅटरी ठीक, आणि ६८ वेळा वापरलेली गेलेली? तीनदा तपासलं. तसंच आहे.

विचार केल्यावर उलगडलं. लाइन गेली की हे यंत्र आधी बाहेरची बॅटरी वापरतं, ती संपत आली की आतली. आमच्याकडे लाइन बहुतेक वेळा अर्धा-पाऊण तास जाते. तेवढ्यात बाहेरचीच खाली-वर होते. आतली अडीच वर्षं १०० टक्क्यांवर भरलेली, प्रोसेसरच्या शेजारी, अकोल्याच्या उन्हाळ्यात बसून राहिली. लिथियम बॅटरीला काठोकाठ भरलेलं असणं आणि उष्णता या दोन गोष्टी एकत्र आल्या की ती न वापरताही झिजते.

अहवालात खाली बॅटरी कपॅसिटी हिस्टरी नावाचा तक्ता आहे. मार्च २०२४ च्या शेवटी आतली १६,९२० होती, जुलैच्या मध्याला १४,६१०. तिथून आजपर्यंत आठ महिन्यांत फक्त ११४० उतरली. म्हणजे साडेतीन महिन्यांच्या उन्हाळ्याने बाकी आठ महिन्यांच्या दुप्पट खाल्लं. (२२ मार्चची दुरुस्ती: हा हिशेब जितका पक्का वाटला तितका नाही, खाली बघा.)

कालच्या ३१ टक्क्यांचा अर्थही लागला. तो आकडा दोन्ही बॅटऱ्या मिळून असतो. त्या वेळी बाहेरची संपलेली, आणि आतली निदान साठ टक्के भरलेली दिसत असणार. तरी ती कोसळली. दोष आतलीतच आहे.

१५ मार्च

विंडोजच्या आकड्याची खातरजमा म्हणून पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकून त्यातून यंत्र चालू केलं आणि तिथले बॅटरीचे आकडे पाहिले. अगदी तेच, शेवटच्या अंकापर्यंत. बरं वाटलं, आणि मग कळलं की यात खातरजमा काहीच झाली नाही. बॅटरीच्या आतच एक चिप असते, आत-बाहेर जाणारी वीज मोजणारी. विंडोज काय, लिनक्स काय, दोघं तिचाच आकडा वाचतात. चिप चुकली तर दोघं सारखेच चुकतात. अडीच तास पेन ड्राइव्ह करण्यात गेले.

खरी परीक्षा घड्याळाची. लॅपटॉपमध्येच साठवलेला एक लांब व्हिडिओ, आवाज बंद, उजेड ४० टक्के, वाय-फाय बंद, पडदा न विझण्याची सेटिंग. १०० टक्क्यांवरून सुरू करून बंद पडेपर्यंत. शेजारी मोबाइलचं घड्याळ, दर अर्ध्या तासाला टक्क्यांची नोंद वहीत.

निकाल: ३ तास २० मिनिटं, आणि बंद पडला १६ टक्क्यांवर.

दोन गोष्टी दिसल्या. मीटर खोटं बोलतंय हे नक्की, कारण १६ टक्के उरलेले कुठेच नव्हते. आणि हलक्या कामात १६ वर बंद पडणारा लॅपटॉप जड कामात ३१ वर पडला. म्हाताऱ्या बॅटरीचा आतला रोध वाढलेला असतो. एकदम जास्त वीज मागितली की तिचं व्होल्टेज खाली बसतं आणि संरक्षण सर्किट तिला तोडतं. म्हणून बॅटरी तपासताना नुसता व्हिडिओ पुरत नाही, आपलं रोजचं काम करूनही एकदा संपवून बघा.

१७ ते २१ मार्च

मीटर सरळ करायचं. लेनोवो व्हँटेज या ॲपमध्ये थिंकपॅडसाठी बॅटरी गेज रीसेट आहे. ते बॅटरी पूर्ण भरतं, पूर्ण उतरवतं आणि परत पूर्ण भरतं, चार्जर लावलेला असतानाच. दोन बॅटऱ्या, प्रत्येकीचं वेगळं.

पहिला प्रयत्न वाया. रात्री लावून सवयीने झाकण मिटवलं. यंत्र झोपलं, काम थांबलं. सकाळी पाहते तर काहीच झालेलं नाही. दुसऱ्या दिवशी झाकण उघडं ठेवलं, तर दुपारी लाइन गेली आणि रीसेट मध्येच रद्द. शेवटी १९ ला रात्री दहानंतर बाहेरचीचं केलं आणि २१ ला रात्री आतलीचं. मधला दिवस जीएसटीआर-३बी चा (कर भरायच्या महिन्याच्या विवरणाचा), त्या दिवशी यंत्राला हात लावला नाही. तेही शिकण्यासारखं: कामाच्या तारखेच्या आदल्या रात्री असले प्रयोग नकोत.

२२ मार्च

रीसेटनंतरचे आकडे:

बाहेरची १७,२४०. आधीपेक्षा थोडी जास्त.
आतली ९,१२०. डिझाइनच्या जेमतेम ३८ टक्के.

रीसेटने आतली बिघडली नाही, खरा आकडा उघड झाला. ती कधी खालपर्यंत उतरतच नव्हती, त्यामुळे चिपला तिची खरी क्षमता मोजायची संधीच मिळत नव्हती. जुन्या अंदाजावर ती चालली होती. म्हणजे १२ तारखेला इतिहासाच्या तक्त्यावरून मी जो उन्हाळ्याचा हिशेब मांडला, त्यातले आकडे अंदाजाचेच होते. उन्हाळ्याने झिजवलं हे मला अजूनही पटतं, पण 'दुप्पट' हा शब्द मागे घेते.

घड्याळाची परीक्षा पुन्हा: ३ तास २२ मिनिटं, आणि या वेळी ५ टक्क्यांवर इशारा देऊन नीट हायबरनेट झाला, म्हणजे उघडं काम साठवून बंद झाला. दोन मिनिटांचा फरक म्हणजे काहीच नाही. कॅलिब्रेशनने, म्हणजे अशा रीसेटने, बॅटरी सुधारते असं सांगणारे कितीतरी व्हिडिओ आहेत. सुधारतं ते मीटर. पण अर्धवट काम बुडण्यापेक्षा खरं सांगणारं मीटर केव्हाही मोलाचं, मला त्याचाच जास्त उपयोग झाला. मात्र हे वरचेवर करू नका. प्रत्येक पूर्ण उतरवणं-भरणं हीसुद्धा झीजच आहे. वर्षातून एक-दोनदा किंवा टक्के उड्या मारायला लागले तरच.

दोन्ही मिळून २६,३६० मिलिवॉट-तास भागिले ३ तास २२ मिनिटं, म्हणजे व्हिडिओच्या वेळी यंत्र साधारण पावणेआठ वॅट खातं. हा आकडा पुढे कामाला येणार आहे.

२३ मार्च

व्हँटेजमध्ये चार्ज थ्रेशोल्ड लावला. दोन्ही बॅटऱ्यांना वेगवेगळा लावता येतो. ७५ च्या खाली गेली तर भरायला सुरुवात, ८० ला थांबायचं. आता चार्जर दिवसभर लावलेला असला तरी ८० वर थांबतो.

दोन आकडे का, एकच का नाही? नुसतं '८० ला थांब' असेल तर ७९ झाले की लगेच परत भरायला लागेल, दिवसभर तेच. मधली फट असली की ती बॅटरी शांत पडून राहते.

एक खबरदारी. बाहेरची बॅटरी काढून परत बसवली की माझ्या यंत्रावर तिची सेटिंग पुसली जाते आणि ती मुकाट्याने १०० पर्यंत भरते. काढली-घातली की व्हँटेज उघडून पाहायचं.

५ एप्रिल

आज दुपारी खोलीतल्या थर्मामीटरवर ३९. व्हँटेजमध्ये बॅटरीच्या तपशिलात तिचं तापमानही दिसतं, ते आठवड्यापूर्वी सापडलं. तेव्हा चार्जिंग चालू असताना आतली ४२ अंश होती.

आठवडाभर एकेक बदल करून पाहिला:

टेबलावर प्लास्टिकचं कापड होतं, ते काढलं. एक अंशाने उतरलं.

लॅपटॉपच्या मागच्या कडेखाली जुन्या पावती पुस्तकांचे दोन गठ्ठे ठेवून तो तिरका उचलला. खालून हवा खेळायला लागली आणि सरळ तीन अंश कमी झाले. खर्च शून्य. सगळ्यात मोठा फरक याच एका गोष्टीने पडला.

टेबल पश्चिमेच्या खिडकीपासून हलवलं. दुपारी चारनंतर तिथे भिंतच तापते.

कूलरच्या झोतात ठेवायचा मोह झाला, पण वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा ओली असते. समोर नको, बाजूला ठेवला.

आणि भरायची वेळ बदलली. आता सकाळी सहा ते आठमध्ये भरून घेते, दुपारी भरणं जवळपास नसतंच. आता दुपारी आतली ३६ च्या आसपास.

२० एप्रिल

ही चूक सविस्तर लिहिते, कारण ती उत्साहात झाली. ८० वर थांबवणं चांगलं तर ६० वर आणखी चांगलं, असं वाटून १२ एप्रिलला दोन्हींची मर्यादा ६० केली होती. बॅटरीच्या तब्येतीसाठी ते खरंही आहे. पण आज ३बी ची तारीख, दुपारी एक वाजता लाइन गेली ती दोन तास दहा मिनिटं. माझ्या खऱ्या कामात यंत्र अकरा वॅटच्या आसपास खातं. दोन्ही बॅटऱ्यांच्या २६ वॉट-तासांचे साठ टक्के म्हणजे सोळा वॉट-तासही नाहीत. सव्वा तासात संपलं. उरलेली दोन विवरणं बहिणीच्या घरी जाऊन तिच्या कॉम्प्युटरवर भरली, भर उन्हात स्कूटरवरून.

परत ८० केलं. शिवाय महिन्याच्या १० आणि १९ तारखेच्या रात्री मर्यादा काढून १०० पर्यंत भरते आणि काम झालं की परत लावते. महिन्यातून दोन दिवस भरलेली राहिल्याने बॅटरीचं फार बिघडत नाही, बिघडतं ते वर्षभर तशीच ठेवल्याने. बॅटरी जपायची ती कामासाठीच ना.

४ मे

दोन दिवसांपासून टचपॅडचं क्लिक कडक लागत होतं. डावीकडे दाबलं की दाबलं जातच नव्हतं. धूळ असेल म्हणून ब्रश फिरवला. मग लक्षात आलं की टी४८० मध्ये आतली बॅटरी बरोबर त्याच बाजूला, हातांखाली असते. पोटात गोळाच आला.

उघडायची पद्धत: यंत्र चालू करताना एफ१ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या, यंत्राच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जायचं, कॉन्फिग, पॉवर, तिथे डिसेबल बिल्ट-इन बॅटरी. होय म्हटलं की यंत्र बंद होतं आणि आतली बॅटरी तुटते. मग बाहेरची बॅटरी काढायची, उलटं करायचं, झाकणाचे सहा स्क्रू सैल करायचे. ते स्क्रू झाकणातच अडकून राहतात, हरवत नाहीत. मग कडेच्या क्लिपा सोडवत झाकण वर.

इथे मी दोन चुका केल्या. बायोसमधून बॅटरी तोडल्यावर, 'एकदा बघू खरंच बंद आहे का' म्हणून चार्जर लावला. चार्जर लावला की आतली बॅटरी परत चालू होते. नशिबाने हे आधी वाचलेलं आठवलं आणि पुन्हा पहिल्यापासून केलं. दुसरी चूक, झाकण उचकटायला पेचकस वापरला आणि एक क्लिप मोडली. एटीएमचं जुनं कार्ड वापरायला हवं होतं. नंतर १२० रुपयांच्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणल्या.

आतली बॅटरी फुगलेली होती. खूप नाही, पण सपाट असायला हवी ती मधे उशीसारखी. अशा बॅटरीचं काहीही करायचं नसतं: दाबायचं नाही, टोचायचं नाही, 'अजून चालतेय' म्हणून परत बसवायचं तर अजिबात नाही. स्क्रू काढून हळूच उचलली, कनेक्टरवर टेप लावला, पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवली आणि डबा सावलीत, मोरीच्या कट्ट्यावर. घरात लहान मूल आहे, म्हणून डब्यावर मोठ्या अक्षरात लिहूनही ठेवलं.

झाकण लावून फक्त बाहेरच्या बॅटरीवर चालू केलं. नीट चालतं.

माझं जपणं आतलीसाठी उशिरा सुरू झालं. मार्चमध्ये ३८ टक्क्यांचा आकडा आला तेव्हाच झाकण उघडून बघायला हवं होतं. तुमच्या अहवालात चाळीसच्या खाली दिसलं तर सेटिंग नंतर लावा, आधी आत बघा.

८ ते १३ मे

बाजारातून आतली बॅटरी १,४५० रुपयांना आणली. "सेम ओरिजिनल" असं सांगितलं. बसवली, अहवाल काढला: डिझाइन २४,०५०, फुल चार्ज २४,०५०, सायकल ०. दोन्ही आकडे अगदी शेवटच्या अंकापर्यंत सारखे. खऱ्या बॅटरीत असं सहसा नसतं, थोडं खाली-वर असतं. शंका तिथेच आली.

बाहेरची काढून ठेवली आणि फक्त नवीवर व्हिडिओची परीक्षा. पावणेआठ वॅटने २४ वॉट-तास तीन तास जायला हवेत. १ तास २४ मिनिटांत संपली. म्हणजे आत अकरा वॉट-ताससुद्धा नाहीत, चिपमध्ये मात्र चोवीस लिहून ठेवलेत. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली: जुन्या फुगलेल्या बॅटरीपेक्षा २२ ग्रॅम हलकी. हा काटा दुकानातच नेला असता तर पाच दिवस वाचले असते. क्षमता लपवता येते, वजन लपवणं अवघड.

दुकानदाराने पैसे परत द्यायला नकार दिला. तीन फेऱ्यांनंतर ६०० रुपये दिले आणि बॅटरी ठेवून घेतली. ८५० गेले. पावती घेतली नव्हती, दुसऱ्यांच्या पावत्या तपासण्यात माझा जन्म जातो आणि स्वतःची मागितली नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

२१ मे

३बी काल संपली, आज हात मोकळे. दुसरी बॅटरी परवा आली. ३,१५० रुपये, कुरियर ९०. घेताना काय पाहिलं ते लिहिते. बॅटरीवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम बॅटरीला आयएस १६०४६ या मानकाखाली ही नोंदणी लागते, आणि तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून कुणाचा आहे ते बघता येतं. उत्पादनाची तारीख, कारण गोदामात दोन वर्षं पडलेली बॅटरी 'नवी' नसते. जीएसटी बिल. आणि परत घेण्याची अट लेखी.

आली तेव्हा अर्धी भरलेली होती, जे चांगलं लक्षण आहे. साठवणीत अशीच ठेवतात. वजन जुनीच्या दोन ग्रॅम इकडेतिकडे.

बसवायला पंचवीस मिनिटं लागली, ४ तारखेला दीड तास लागला होता. अहवाल: फुल चार्ज २३,६४०. घड्याळ: फक्त हिच्यावर ३ तास २ मिनिटं. हिशेब जुळला. टचपॅडही परत मऊ झालं.

चार्जर लावल्यावर पहिलं काम ८० ची मर्यादा.

२७ मे

फुगलेली बॅटरी द्यायची कुठे? भंगारवाला घ्यायला तयार होता, पण तो बाकी भंगाराबरोबर पोत्यात टाकणार, आणि वर काहीतरी आपटलं की पेट. कचऱ्याच्या गाडीत तर मुळीच नाही. बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट रूल्स २०२२ प्रमाणे बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, त्याचा उल्लेख करून नव्या बॅटरीच्या विक्रेत्याला फोन केले. तिसऱ्या फोनला त्याने इथल्या ई-कचरा गोळा करणाऱ्याचा पत्ता दिला. तिथे डबा, वाळू सगळं तसंच नेऊन दिलं. कुरियरने फुगलेली बॅटरी पाठवू नका.

१५ जून

पाऊस आला. दादा, वहिनी आणि शेजारची कॉलेजला जाणारी मुलगी, तिघांचे लॅपटॉप आज पाहिले. प्रत्येकात हीच सेटिंग वेगळ्या नावाने आणि वेगळ्या जागी सापडते.

दादाचा डेल: बायोसमध्ये बॅटरीचा भाग आहे, त्यात प्रायमरिली एसी यूज किंवा कस्टम. कस्टममध्ये सुरुवातीचे-शेवटचे टक्के आपणच भरायचे.
वहिनींचा एचपी, ऑफिसचा: बायोसमध्ये बॅटरी हेल्थ मॅनेजर, त्यात मॅक्सिमाइझ माय बॅटरी हेल्थ. हा ८० वर थांबतो.
शेजारणीचा असुस: मायअसुस ॲपमध्ये बॅटरी केअर.
लेनोवोच्याच आयडियापॅडमध्ये टक्के निवडता येत नाहीत, कॉन्झर्व्हेशन मोड नावाचं एकच बटण असतं.
थिंकपॅडवर लिनक्स वापरत असाल तर टीएलपी नावाचा प्रोग्रॅम हे काम करतो, आणि त्यात कॅलिब्रेशनची सोयही आहे.

शेजारच्या मुलीला वाटत होतं की चार्जर काढून, संपवून, परत पूर्ण भरायचा, रोज. तिच्या शाळेत कुणीतरी तसं शिकवलं होतं. ते जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळचं. दहा महिन्यांत तिच्या २९० सायकल झाल्या आहेत. चार्जर लावून, ८० ची मर्यादा ठेवून वापर म्हटलं.

१ जुलै

खर्च: फसलेल्या बॅटरीत ८५०, खरी बॅटरी ३,१५०, कुरियर ९०, पट्ट्या १२०. एकूण ४,२१०. वेळ मोजला तर परीक्षा चालू असतानाचं बसणं धरून सत्तावीस तास. त्यातले दहा-बारा तास चुकांचे. या नोंदी हाताशी असत्या तर मला वाटतं सात-आठ तासांत झालं असतं.

आजचे आकडे: आतली २३,६१०, सायकल ४. बाहेरची १७,१९०, सायकल ४२२. दोन्ही १०० टक्क्यांपासून व्हिडिओवर ५ तास १४ मिनिटं, ८० पासून ४ तास १० मिनिटं.

बाहेरची बदलायची का? दुरुस्तीवाल्याने मार्चमध्ये दोन्ही बदलायला सांगितलं होतं. तीन महिन्यांत ती फक्त पन्नासने उतरली आहे, खऱ्या कामात मला ८० टक्क्यांवर जवळपास तीन तास मिळतात. बदलत नाही. ती पंधरा हजारांच्या खाली गेली की बघेन.

११ जुलै

एक प्रश्न सुटायचा राहिला होता. यंत्र अजूनही आधी बाहेरचीच वापरतं, म्हणजे नवी आतलीसुद्धा बसूनच राहणार आणि तिचं मीटर परत अंदाजावर जाणार. मर्यादेमुळे ती आता १०० वर बसत नाही, पण वापरात तर नाहीच.

उपाय साधा निघाला. महिन्याच्या पहिल्या रविवारी चार्जर आणि बाहेरची बॅटरी दोन्ही काढून ठेवायच्या आणि आतलीवर २० टक्क्यांपर्यंत काम करायचं. मग बाहेरची बसवून तिची मर्यादा तपासायची. ६ जुलैला पहिल्यांदा केलं: ८० वरून २० ला यायला हिशेबाच्या कामात १ तास १६ मिनिटं लागली, टक्के एकसारखे उतरत गेले, कुठे उडी नाही.

आज जीएसटीआर-१ होतं. साडेतीनला लाइन गेली, पाच-दहाला आली. मध्ये चार विवरणं गेली, बॅटरी ५५ वर होती. पुढचा अहवाल ३ ऑगस्टला काढायचा आहे.